गर्भ टिकत नाही, तेव्हा रक्ताला काय विचारायचं?

गरोदर बाईच्या तपासणी कार्डावर कधी कधी 'बीओएच' अशी तीन अक्षरं लिहिलेली असतात. आधीचे गर्भ पडले, मूल पोटातच दगावलं, बाळंतपण बिघडलं, हे सगळं त्या तीन अक्षरांत कोंबलेलं असतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणीच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर असो की यवतमाळ शहरातल्या सुशिक्षित घरात, जिला दिवस राहतात पण टिकत नाहीत, तिच्याबद्दल तेच तीन प्रश्न निघतात. हिच्या पिशवीत दोष आहे का? हिला बाहेरचं काही लागलंय का? नवरा-बायकोचा रक्तगट जुळत नाही का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोनोग्राफी देते. दुसऱ्या प्रश्नापायी पैसा जातो, वेळ जातो आणि बाईची उमेदही जाते. तिसरा प्रश्न अर्धा खरा आहे. त्यातला खोटा भाग घरोघरी पाठ आहे, खरा भाग फार थोड्यांना ठाऊक आहे. वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं मूळ रक्तगटात सापडावं, असं क्वचितच घडतं. पण जिथे ते सापडतं, तिथे इलाजही आहे. त्या इलाजापर्यंत पोचायला लागणारी पहिली तपासणी स्वस्त आहे आणि ती जिल्ह्याच्या ठिकाणी होऊ शकते. आपण ती करत नाही, एवढीच अडचण आहे.

आधी नेहमीची कारणं

गरोदरपण कळल्यानंतरही शंभरातले दहा ते पंधरा गर्भ आपोआप पडतात. यातल्या बहुतेक गर्भांत गुणसूत्रांची जुळणीच चुकलेली असते. त्यात आईच्या खाण्याचा, कामाचा किंवा प्रवासाचा काही दोष नसतो. एकदा गर्भ पडला म्हणून तपासण्यांचा डोंगर उभा करायची गरज नसते. मात्र दुसऱ्यांदा तेच झालं तर थांबून विचार करायला हवा. पूर्वी डॉक्टर तिसऱ्या गर्भपाताची वाट पाहत. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संस्थेने २०१७ साली दोन गर्भपातांनाच 'वारंवार' म्हणायचं ठरवलं. शंभरातल्या एक ते तीन जोडप्यांच्या वाट्याला हे दुःख येतं.

शोध घ्यायचा तो नेहमीच्या कारणांपासून. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाच्या विकारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्याची रक्ततपासणी बारा आठवड्यांच्या अंतराने दोनदा करावी लागते आणि निदान पक्कं झालं की अ‍ॅस्पिरिनची लहान मात्रा व हेपॅरिनची इंजेक्शनं यांनी बऱ्याच जणींचा गर्भ टिकतो. थायरॉइड आणि साखर तपासायची असते. गर्भाशयात जन्मतः पडदा असेल तर तो काढता येतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात वेदना न होता पिशवीचं तोंड उघडत असेल तर टाका घालता येतो. पती-पत्नीपैकी एकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असू शकतात, म्हणून ठरावीक परिस्थितीत दोघांची तपासणी होते. विदर्भात यात सिकलसेल धरायलाच हवा. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईचं गरोदरपण जोखमीचं असतं. नुसती वाहक असलेली बाई सहसा नीट बाळंत होते, पण नवराही वाहक असेल तर बाळाला आजार होऊ शकतो.

काही ठरावीक संसर्ग शोधणाऱ्या 'टॉर्च' तपासण्या आपल्याकडे गर्भ पडला की सर्रास लिहून दिल्या जातात. वारंवार होणाऱ्या गर्भपाताचं कारण शोधायला त्यांचा उपयोग होत नाही आणि त्या नेमाने करू नयेत, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. मजुरी करणाऱ्या घराचा तो पैसा वाचला, तर योग्य तपासणीला लागेल.

एवढं करूनही जवळपास निम्म्या जोडप्यांत कारण सापडत नाही. या जोडप्यांना सांगण्याची सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की त्यांच्यापैकी बहुतेकांचं पुढचं गरोदरपण कोणत्याही खास औषधाशिवाय पार पडतं.

एकनाडी आणि एकच रक्तगट

आपल्याकडे लग्न जमवताना पत्रिकेतल्या एकनाडीचा अर्थ 'दोघांचा रक्तगट एक' असा लावला जातो. स्थळाच्या कागदावर रक्तगट लिहिलेला असतो आणि तो सारखा निघाला म्हणून चांगली स्थळं मोडतात. पुढे लग्न झालंच आणि गर्भ पडला, तर हाच कागद पुन्हा काढला जातो. हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. दोघेही बी पॉझिटिव्ह असतील, तर रक्तगटाच्या दृष्टीने ते सर्वांत निर्धास्त जोडपं आहे. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असेल, तर बाळाला जन्मानंतर कावीळ होऊ शकते, तीही बहुधा सौम्य असते. त्या कारणाने गर्भ पडत नाहीत.

दुसरा समज आरएच निगेटिव्हबद्दलचा. भारतात शंभरात सुमारे पाच जण आरएच निगेटिव्ह असतात. अशा आईच्या पोटात आरएच पॉझिटिव्ह बाळ असेल, तर बाळंतपणात बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर त्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे अँटीबॉडी, तयार करतं. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं. पुढच्या बाळाच्या लाल पेशी या प्रतिपिंडांमुळे फुटतात, त्याला रक्तक्षय होतो, अंगावर सूज येते आणि उपाय न केल्यास ते पोटातच दगावू शकतं. हे नुकसान गरोदरपणाच्या उत्तरार्धात होतं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडणाऱ्या गर्भाचं खापर आरएच निगेटिव्हवर फोडू नये. तसं केलं की खरं कारण शोधायचं राहून जातं.

ही प्रतिपिंडं तयार होऊ न देणारं अँटी-डी इंजेक्शन १९६८ सालापासून उपलब्ध आहे. २८व्या आठवड्यात एक आणि बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत एक, एवढ्याने हा प्रश्न जवळपास मिटतो. बारा आठवड्यांनंतर गर्भ पडला किंवा पाडला, तरी इंजेक्शन घ्यावं लागतं आणि ते घ्यायचं अनेकदा राहून जातं. प्रतिपिंडं आधीच तयार झाली असतील तर मात्र इंजेक्शनाचा उपयोग नाही. मग सोनोग्राफीवर बाळाच्या मेंदूतल्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजून रक्तक्षयाचा अंदाज घेतात आणि गरज पडल्यास पोटातल्या बाळालाच रक्त देतात.

रक्तगटाचा मामला ए, बी, ओ आणि आरएच यांवर संपत नाही. लाल पेशींवरच्या खुणांच्या चाळीसहून अधिक रक्तगटप्रणाली आज मान्य आहेत. विदर्भात बायकांच्या पाचवीला रक्तक्षय पुजलेला आहे. मागच्या बाळंतपणात एखादी पिशवी रक्त चढवलेलं असतं. त्या रक्तातल्या एखाद्या परक्या खुणेविरुद्ध, म्हणजे केल, लहान सी किंवा ई हिच्याविरुद्ध, प्रतिपिंडं तयार होऊ शकतात. अशी बाई बहुधा आरएच पॉझिटिव्ह असते, त्यामुळे तिची प्रतिपिंड तपासणी कुणी सांगत नाही. बाळाच्या जिवाला धोका मात्र तितकाच असतो.

'पी' नसलेलं रक्त

आता तो दुर्मिळ रक्तगट, ज्यात तिसऱ्या प्रश्नाचा खरा भाग दडला आहे.

कार्ल लँडस्टायनर आणि फिलिप लेव्हाइन यांनी १९२७ साली पी रक्तगट शोधला. १९५१ साली पोटाच्या कर्करोगाच्या एका स्त्रीरुग्णाची तपासणी करताना लेव्हाइन यांना तिच्या रक्तात एक वेगळंच प्रतिपिंड सापडलं. जवळजवळ कुणाचंही रक्त तिच्या रक्ताशी जुळत नव्हतं. त्या प्रतिपिंडाला त्यांनी 'टीजेए' हे नाव दिलं. हेच लेव्हाइन १९३९ साली मृत बाळाला जन्म दिलेल्या एका आईच्या रक्तातून आरएचच्या प्रश्नापर्यंत पोचले होते. १९५४ साली त्यांनी आणखी एक दुवा मांडला. ज्या बायकांच्या रक्तात हे टीजेए प्रतिपिंड असतं, त्यांचे गर्भ वारंवार पडतात. पुढच्याच वर्षी रूथ सँगर यांनी दाखवलं की हे प्रकरण पी रक्तगटाचंच आहे.

जवळपास प्रत्येक माणसाच्या लाल पेशींवर या कुटुंबातल्या काही ना काही खुणा असतात. त्या बनवणारं एक जनुक २२व्या गुणसूत्रावर आहे. आई आणि वडील दोघांकडून त्याची बिघडलेली प्रत आली, तर पी, पी-१ आणि पी-के या तिन्ही खुणा नाहीशा होतात. अशा माणसाला एरवी काहीच त्रास नसतो. उलट पार्व्हो बी-१९ नावाचा विषाणू याच पी खुणेला धरून पेशीत शिरतो, त्यामुळे या लोकांना त्याची लागण होत नाही, हे १९९४ साली सिद्ध झालं. पण त्यांच्या रक्तात या तिन्ही खुणांविरुद्धची प्रतिपिंडं आपसूक तयार असतात. त्यासाठी आधी रक्त चढवलेलं असावं लागत नाही की आधीचं गरोदरपण लागत नाही.

आरएचशी असलेला फरक इथे लक्षात घ्यायला हवा. आरएचमध्ये हल्ला बाळाच्या लाल पेशींवर होतो. पीच्या खुणा बाळाच्या लाल पेशींवर कमी आणि वारेच्या पेशींवर भरपूर असतात. म्हणून हल्ला वारेवर होतो आणि तोही वार नुकती रुजत असताना. गर्भ पहिल्या तीन महिन्यांतच पडतात आणि अशा स्त्रियांच्या निम्म्याहून अधिक गरोदरपणांचा शेवट असा होतो. नवऱ्याचा रक्तगट कोणताही असला तरी फरक पडत नाही, कारण जवळपास प्रत्येक पुरुषाकडून बाळाला या खुणा मिळतात. नवरा बदलून, दुसरं लग्न लावून हा प्रश्न सुटत नाही. त्याच बरोबरीने हेही सांगायला हवं की यातल्या काही बायकांना कोणत्याही उपचाराविना मुलं झालेली आहेत.

युरोपात दहा लाखांत पाच-सहा माणसं अशी असतात. उत्तर स्वीडनमधल्या व्हेस्टरबोटन भागात हे प्रमाण दहा लाखांत शंभराच्या वर जातं. दोन्हीकडून बिघडलेली प्रत यावी लागते, त्यामुळे जिथे पिढ्यान्‌पिढ्या आपसात लग्नं होतात तिथे शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी लग्न ही महाराष्ट्राची जुनी रीत आहे आणि यवतमाळच्या लहान लहान समाजांत सोयरीक ठरावीक घरांतच फिरते. यात कुणाला दोष द्यायचा नाही. पण वारंवार गर्भ पडलेल्या बाईचे आईवडील नात्यातले असतील, तर डॉक्टरांनी हा रक्तगट मनात ठेवायला हवा. भारतातल्या अशा स्त्रियांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आलेल्या आहेत.

काचपट्टीला जे दिसत नाही

मग हे लक्षात का येत नाही? त्याचं उत्तर प्रयोगशाळेच्या टेबलावर आहे.

लहान लॅबमध्ये रक्तगट काचपट्टीवर काढतात. रक्ताचे तीन थेंब, त्यांवर निळं अँटी-ए, पिवळं अँटी-बी आणि रंगहीन अँटी-डी. काडीने ढवळायचं आणि कुठे गुठळी होते ते पाहायचं. दोन मिनिटांत 'बी पॉझिटिव्ह' असा कागद हातात येतो. या पद्धतीत फक्त बाईच्या लाल पेशी तपासल्या जातात. तिच्या रक्तद्रवात काय आहे, हे कुणी पाहिलेलंच नसतं. आणि रोगाचं मूळ तर तिथेच आहे.

रक्तकेंद्रात रक्तगट दोन्ही बाजूंनी तपासतात. दुसऱ्या बाजूच्या तपासणीला तंत्रज्ञ 'रिव्हर्स ग्रुपिंग' म्हणतात. बाईचं सीरम तीन नळ्यांत घालतात आणि त्यांत अनुक्रमे माहीत असलेल्या ए, बी आणि ओ गटाच्या पेशी टाकतात. बी गटाच्या बाईच्या सीरमने फक्त ए पेशींची गुठळी करायला हवी. पीच्या खुणा नसलेल्या बाईचं सीरम तिन्ही नळ्यांत गोंधळ घालतं. काही वेळा गुठळीऐवजी पेशी फुटतात आणि वरचं पाणी गुलाबी दिसू लागतं. तिच्या स्वतःच्या पेशींशी मात्र तेच सीरम शांत राहतं. अनुभवी तंत्रज्ञाला तेवढ्यावर कळतं की इथे काहीतरी फार वेगळं आहे.

मुंबईच्या 'बॉम्बे' रक्तगटातही ओ पेशींची गुठळी होते, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. अँटी-एच हे रसायन वापरलं की तो सुटतो. बॉम्बे गटाच्या पेशी त्याला दाद देत नाहीत, पी नसलेल्या बाईच्या पेशी देतात. बॉम्बे गट गर्भपाताचं कारण सहसा होत नाही, म्हणून हा फरक महत्त्वाचा आहे.

यापुढची तपासणी इनडायरेक्ट कूम्ब्जची. रॉबिन कूम्ब्ज आणि सहकाऱ्यांनी १९४५ साली ती वैद्यकाला दिली. आपल्याकडे ती आरएच निगेटिव्ह बायकांपुरतीच उरली आहे. खरं तर ती रक्तातल्या कुठल्याही अनपेक्षित प्रतिपिंडाचा सुगावा देते.

उपचार: जुना, कष्टाचा, पण खरा

या प्रतिपिंडांना मारणारी गोळी नाही. ती रक्तातून काढून टाकावी लागतात. प्लाझ्माफेरेसिसमध्ये बाईचं रक्त यंत्रातून फिरवतात, रक्तद्रव वेगळा करून टाकून देतात आणि तिच्या पेशी अल्ब्युमिनसोबत परत शरीरात सोडतात. डेंग्यूच्या दिवसांत दात्याच्या प्लेटलेट्स काढायला जे अफेरेसिस यंत्र लागतं, त्याच जातीचं हे काम आहे. १९८०च्या दशकात या उपचाराने टीजेए प्रतिपिंड असलेल्या बायकांना जिवंत मुलं झाल्याच्या नोंदी येऊ लागल्या. जपानमध्ये आणि इतरत्र पुढे त्यात भर पडली.

अडचण अशी की प्रतिपिंडं फक्त रक्तात नसतात, पेशींभोवतीच्या द्रवातही असतात आणि शरीर नवी बनवतच राहतं. विहीर उपसली तरी झरे तिला पुन्हा भरतात, तसं काही दिवसांत प्रमाण वर येतं. म्हणून आठवड्यातून एक ते तीन वेळा आणि तेही अनेक महिने हे करावं लागतं. रक्तद्रवासोबत उपयोगी प्रतिपिंडंही निघून जातात, त्यामुळे काही डॉक्टर सोबत इम्युनोग्लोब्युलिन देतात. ते महागडं आहे. दर वेळी रक्तद्रव दुप्पट-दुप्पट पातळ करत किती मात्रेपर्यंत गुठळी होते ते मोजतात. या मोजणीला टायटर म्हणतात आणि त्यावर उपचाराचा वेग ठरतो.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट वेळेची. वार रुजण्याच्या काळातच हल्ला होतो, त्यामुळे पाळी चुकल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच उपचार सुरू व्हायला हवा. तिसऱ्या महिन्यात निदान झालं तर उशीर झालेला असतो. म्हणजे निदान दिवस राहण्याच्या आधी हवं, मागचा गर्भपात आणि पुढचं गरोदरपण यांच्या मधल्या काळात.

बाळंतपणाची तयारीही वेगळी लागते. अशा बाईला नेहमीचं रक्त चढवलं तर जीवघेणी प्रतिक्रिया येऊ शकते. तिचं हिमोग्लोबिन आधीपासून वाढवायचं, शक्य असेल तर तिचंच रक्त काढून साठवायचं आणि सख्ख्या भावा-बहिणींची तपासणी करायची. दर सख्ख्या भावंडाचा रक्तगट तिच्यासारखाच असण्याची शक्यता चारात एक असते. जगात हजारो माणसं शोधूनही न सापडणारा दाता तिच्या माहेरच्या घरात असू शकतो. बाळाची बाजू दिलासा देणारी आहे. वार टिकली तर बाळाला फारसं नुकसान होत नाही. जन्मानंतर कावीळ झाली तर निळ्या प्रकाशाखाली ठेवून भागतं.

परळची प्रयोगशाळा

या कामात महाराष्ट्राची परंपरा मोठी आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे, डॉ. एच. एम. भाटिया आणि त्यांच्या ब्रिटिश सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये बॉम्बे रक्तगट जगापुढे ठेवला. १९५७ साली मुंबईत रक्तगट संदर्भ केंद्र सुरू झालं. तेच पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था झालं. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या या संस्थेला डॉक्टर मंडळी 'एनआयआयएच' म्हणतात. १९७३ साली इथल्याच संशोधकांनी आणखी एक खूण शोधली आणि तिच्या प्रणालीला जगभर 'इंडियन' हे नाव मिळालं. देशाच्या कोपऱ्याकोपऱ्यातले न सुटणारे रक्तनमुने इथे येतात. दुर्मिळ रक्तदात्यांची नोंदवही उभारण्याचं कामही या संस्थेने केलं आहे. जगाच्या पातळीवर ब्रिस्टलची संदर्भ प्रयोगशाळा अशी यादी सांभाळते.

यवतमाळच्या बाईला मुंबईला जायचं तर धामणगावला येऊन गाडी पकडावी लागते. लहान मूल नाही म्हणून सासरी कामाचा बोजा असतो, हातात पैसा नसतो, सोबत यायला माणूस नसतो. पण पहिल्या टप्प्यात तिने मुंबईला जाण्याची गरजच नाही. तिच्या रक्ताच्या दोन नळ्या, एक गोठू न देणारी आणि एक साधी, बर्फाच्या पाकिटांसोबत नीट बांधून गेल्या तरी निदान होऊ शकतं. बाई घरीच राहील, नळ्या प्रवास करतील.

जिल्ह्याला काय करता येईल

यवतमाळला १९८९पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. शेजारी वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि सिकलसेलसारख्या रक्तविकारांसाठी मुंबईच्या याच संस्थेचं केंद्र चंद्रपुरात आहे. २०२३च्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे आदिवासी गावांतून रक्ताचे नमुने गोळा करून पाठवण्याची वाट तयार झाली आहे. आशाताईंना आणि नर्सबाईंना ती माहीत आहे. सिकलसेलच्या रुग्णांना पुन्हा पुन्हा रक्त चढवावं लागतं आणि त्यांच्यातही प्रतिपिंडं तयार होतात. म्हणून जिल्ह्यात प्रतिपिंड तपासणी पक्की झाली, तर तिचा फायदा दोघांना होईल.

करायच्या गोष्टी मोजक्या आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात जोखमीच्या गरोदर बाईच्या कार्डावर लाल स्टिकर लागतो. दोन गर्भ पडलेल्या प्रत्येक बाईसाठी, ती गरोदर असो वा नसो, त्यासोबत एवढी तपासणी व्हावी: रक्तकेंद्रातून दोन्ही बाजूंनी रक्तगट आणि इनडायरेक्ट कूम्ब्ज, मग ती आरएच पॉझिटिव्ह का असेना. ओ पेशींशी गुठळी झाली किंवा पेशी फुटल्या, तर नमुना थेट संदर्भ प्रयोगशाळेकडे जावा. निदान पक्कं झालं, तर पुढच्या गरोदरपणाआधीच नागपूरसारख्या ठिकाणचे स्त्रीरोगतज्ज्ञ, रक्तसंक्रमणतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांनी बसून योजना ठरवावी. महिनोन्‌महिने आठवड्याला दोनदा नागपूर गाठणं शेतमजुराच्या घराला झेपणारं नाही. तिच्या राहण्याची आणि प्रवासाची सोय हा उपचाराचाच भाग आहे आणि तो सरकारी योजनांत धरला गेला पाहिजे.

या तपासणीतून पी नसलेली बाई वर्षानुवर्षं एकही सापडणार नाही, असं होऊ शकतं. तरीही ती करावी. तिच्यातून केल किंवा लहान सी प्रतिपिंडं असलेल्या बायका सापडतील आणि त्यांची बाळं वाचतील. सिकलसेलच्या मुलांना चुकीचं रक्त चढणार नाही. आणि जिच्या तपासण्या स्वच्छ येतील, त्या बाईला घरच्यांसमोर ठामपणे सांगता येईल की तिच्या रक्तात दोष नाही. हा कागदही तिच्यासाठी मोलाचा आहे.

दुर्मिळ रक्तगट घेऊन जन्माला येणं कुणाच्या हातात नसतं. त्याची चौकशी दुसऱ्या गर्भपातानंतर करायची की सातव्या, हे मात्र पूर्णपणे आपल्या आरोग्यव्यवस्थेच्या हातात आहे, आणि ती दुसऱ्यानंतरच व्हायला हवी.